विठाबाईंचं तिकीट

देव घासायला काढले होते. एकादशीच्या आदल्या दिवशी मी चिंच-मिठानं देव घासते. बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा लख्ख होऊन पाटावर बसले होते. घंटा, समई आणि गंगेचा गडू अजून परातीत काळपट पडलेले. माझे हात मनगटापर्यंत चिंचेच्या कोळात. तेवढ्यात आमच्या वठाराच्या, म्हणजे चाळीच्या, फाटकाकडून पद्मावतीची हाक आली. हाक कसली, किंकाळीच ती.

"अक्का, धावा हो! आई परत आल्या!"

पद्मावती म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या गुंडूराव हुक्केरीकरांची बायको. तिच्या तोंडी 'आई' म्हणजे तिच्या सासूबाई, विठाबाई. आणि विठाबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या तोंडात शेवटची गंगा मीच घातली होती. ही पोरगी काय बोलतेय काय! मी तशीच, चिंचेच्या हातांनी बाहेर पळाले.

फाटकाबाहेर गुंडूराव उभे होते. टूरवरून आलेले. डोळे तांबारलेले, कोटावर इंजिनाच्या कोळशाची भुकटी, पायाशी ट्रंक आणि वळकटी. आणि दोन्ही हातांच्या ओंजळीत तांबड्या फडक्यात बांधलेलं एक छोटं मडकं, मूल धरावं तसं धरलेलं.

ते मडकं मी ओळखलं. वठारातल्या प्रत्येकानं ओळखलं. वर्षभर ते मागच्या अंगणातल्या पिंपळाला टांगलेलं आम्ही येता-जाता बघत होतो. त्यात विठाबाईंच्या अस्थी होत्या.

"हे पिंपळावरनं कधी उतरलं?" मी विचारलं.

"मी उतरवलं," पद्मावती रडत म्हणाली. "ह्यांच्या वळकटीत घातलं. अक्का, हे प्रयागच्या दारात जाऊन आईंना परत घेऊन आले!"

राम राम राम! संगमाच्या काठापर्यंत पोचलेली हाडं उलट्या पावली घरी आलेली मी कधी पाहिली नाहीत, कुणाच्या तोंडून ऐकलीही नाहीत.

गुंडूरावांना न ओळखणाऱ्याला हे वेड वाटेल. ओळखणाऱ्यांनाही वेडच वाटलं. फक्त ते कुठून आलं एवढं त्यांना ठाऊक होतं.

गुंडूराव निपाणीकडचे. वडील लहानपणीच गेले. विठाबाई तंबाखूच्या एका व्यापाऱ्याकडे स्वयंपाकाला होत्या. मोठं घर, रोज पंगतच उठायची. हे पोर परसात जात्याजवळ बसून असायचं. आतून फोडणीचा वास, भाकरीचा वास. पण आईनं कधी त्या घरचा तुकडा हातावर ठेवला नाही. म्हणायच्या, "ज्याची चूल, त्याचं अन्न. आपलं आपल्या घरी." संध्याकाळी आपल्या खोलीत आलं की फडक्यात गुंडाळलेली भाकरी काढायच्या, सांगायच्या, सकाळीच भाजून ठेवली होती. ती कोरडी भाकरी आणि तिखट खाऊन गुंडूराव मॅट्रिक झाले. ही गोष्ट मी त्यांच्याच तोंडून इतक्या वेळा ऐकली आहे की त्या भाकरीचा वाससुद्धा मला ठाऊक आहे.

बंगळूरला ते सरकारी कारखान्यात माल तपासणीस. बाहेरच्या कारखान्यांत तयार होणारा माल इकडे पाठवण्याआधी तिथे जाऊन तपासायचा, हे काम. त्यामुळे वर्षातून कितीदा तरी टूर. आमचे हे त्याच कारखान्यात, त्याच कामावर. ह्यांची टूर म्हणजे वठारात सण असायचा. कलकत्त्याचे शंख, अलाहाबादचे पेरू, एकदा तर काशीची सीलबंद गंगा. गुंडूरावांची ट्रंक मात्र गेली तशी परत यायची, आत फक्त मळके कपडे जास्त. एका मालवाल्यानं त्यांना स्टेशनवर मिठाईची टोपली पोचवली, तर ती त्यांनी बंगळूरपर्यंत सांभाळून आणली आणि कारखान्याच्या गेटवर जमा केली. दरवानांनी खाल्ली.

"आमच्या घरी मिठाईची नुसती हकीकत आली," पद्मावती म्हणायची. "ती पण फार गोड नव्हती."

मिठाईचं एक वेळ ठीक. पण हा माणूस टूरवर देवळातसुद्धा जात नसे! मदुरेला गेला, मीनाक्षीच्या गोपुराच्या सावलीत खानावळीत जेवला आणि परत आला. मी एकदा न राहवून विचारलं.

"अहो गुंडूराव, देव का तिकीट विचारतो?"

"देव विचारत नाही ना वैनी, म्हणून आपण विचारायचं," ते म्हणाले. "सरकारनं मला माल बघायला पाठवलं. त्या तिकिटावर मी देव बघून आलो, तर ते पुण्य माझं कसं? सरकारचंच ना?"

"सरकारला काय करायचंय पुण्य?"

"ते सरकारनं बघावं."

आता अशा माणसापुढे बोलायचं काय? खर्च दुसऱ्यानं केला की यात्रेचं पुण्य वाटलं जातं, हे मीही लहानपणापासून ऐकत आले आहे. पण कुणी ते रेल्वेच्या तिकिटाला लावलेलं मी ऐकलं नव्हतं.

विठाबाई गेल्या तेव्हा गुंडूरावांनी पिंपळाखाली उभं राहून सांगितलं होतं, "आईला मी माझ्या तिकिटावर प्रयागला नेईन. वर्षश्राद्धाच्या आत." पण माणूस ठरवतो आणि घर मोडता घालतं. कधी पद्मावतीचा टायफॉइड, कधी बहिणीच्या घरचं लग्न, कधी रजाच नाही. बघता बघता वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यावर आलं. आणि नेमका त्याच वेळी कारखान्यानं त्यांना नैनीला पाठवायचं ठरवलं. नैनी म्हणजे प्रयागच. मध्ये फक्त यमुनेचा पूल. अख्खं वठार म्हणालं, घेऊन जा, देवानंच योग आणलाय. गुंडूराव म्हणाले, नाही. आणि वळकटी बांधायला बायकोला सांगून दाढी करायला बसले.

तेवढ्या वेळात पद्मावतीनं पिंपळावरून मडकं उतरवलं, आणि पांघरुणाच्या घडीत ठेवून वळकटी आवळली. तिचा हिशेब सरळ होता: तिथे पोचल्यावर आई समोर दिसल्या, की कुठला मुलगा नदीवर जाणार नाही?

हा गेला नाही!

"अहो, पुलावरून तरी सोडायचं होतं," फाटकात उभी राहून ती कपाळावर हात मारत होती.

"मी नैनीलाच उतरलो. पुलापलीकडे काम नव्हतं," गुंडूराव म्हणाले. "गाडीत वळकटी सोडलीच नाही; तिथे रात्री पांघरूण काढलं तर आई. तुला काय सांगू पद्मा! रविवारचा अख्खा दिवस मी त्या खोलीत आईला घेऊन बसलो. खिडकीतून पूल दिसत होता."

"आणि तरी नाही गेलात?"

"तिला मी चोरून नेल्यासारखं झालं होतं. नकळत नेलं, म्हणून परत आणलं. येताना गाडीत खाली ठेवलं नाही. मांडीवर घेऊन आलो. मद्रासपर्यंत मांडीवर, मद्रासहून इथपर्यंत मांडीवर."

एवढं बोलून ते वठारात पाऊल टाकायला लागले, तशी मीच ओरडले, "थांबा! तीर्थाला निघालेल्या अस्थी परत आत आणतात का?"

"मग काय करतात?" त्यांनी विचारलं.

ते मला कुठे ठाऊक होतं? असं कधी कुणी केलं असेल तर ठाऊक असणार! कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळातून शेषगिरी आचार्यांना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकलं, जानवं चाचपलं, मडक्याकडे पाहिलं, गुंडूरावांकडे पाहिलं.

"अय्यो," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी लोकांना अस्थी नेण्याचा मुहूर्त काढून देतो. परत आणण्याचा मुहूर्त माझ्याकडे कुणी मागितला नाही."

"शास्त्रात काय आहे?" मी विचारलं.

"शास्त्र लिहिणाऱ्याला असा मुलगा भेटला नव्हता, अम्मा."

शेवटी त्यांनी एवढं सांगितलं, की घरात नको, पुन्हा त्याच पिंपळालाही नको. संध्याकाळी देवळामागच्या बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाला बांधू, पण फार दिवस नको. तोवर यजमानानं ते हातात धरून बसावं. झालं! गुंडूराव फाटकाबाहेरच्या दगडी कट्ट्यावर बसले. ना अंघोळ, ना चहा. येणारी-जाणारी माणसं थबकून बघायची आणि वाट सोडून पलीकडून जायची. पद्मावती आत चुलीपुढे डोळे पुसत बसली.

मी परत देवांपाशी येऊन बसले, पण हात चालेना. गंगेचा गडू हातात घेतला आणि तसाच धरून राहिले. हीच गंगा मी विठाबाईंच्या तोंडात घातली होती. आणि ही आमच्या ह्यांनी टूरवरून आणलेली! मग ही कुणाची?

हे जेवायला आले तेव्हा मी तेच विचारलं. ह्यांना सगळी थट्टाच.

"फॅक्टरीची," हे म्हणाले. "गेटवर दाखवूनच आणायला हवी होती. दरवानांनी गुंडूच्या मिठाईवर प्यायली असती."

"हसू नका. माझ्या हातून त्या बाईच्या तोंडात काय गेलं, ते विचारतेय मी."

"गंगाच गेली," हे म्हणाले, आणि ताक ओरपायला लागले. पण मला काही जेवण गेलं नाही.

दुपार कलताना पद्मावतीच्या निरोपावरून ठकुबाई आल्या. ठकुबाई म्हणजे निपाणीच्या त्याच स्वयंपाकघरात विठाबाईंच्या जोडीनं राबलेल्या. आता शिवाजीनगरला लेकीकडे असतात. जटक्यातून उतरताना त्या जटकावाल्याशी भांडतच होत्या. तो म्हणत होता, "स्वल्प हळू, अव्वा," आणि त्या म्हणत होत्या, "तुझं घोडं हळू, मी न्हाई." काठी टेकत त्या कट्ट्यापाशी आल्या आणि गुंडूरावांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या.

"गुंड्या, आरं काय मांडलंयस ह्ये? आईला भीक मागायला बसवल्यागत?"

"मावशी, तुम्हाला तरी कळेल," गुंडूराव म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटला. "आई दुसऱ्याच्या चुलीवरचं घरी आणत नव्हती. तिला मी दुसऱ्याच्या तिकिटावर कसं नेऊ?"

ठकुबाई माझ्याकडे वळल्या. "ह्येला कुणी सांगितलं, आणत नव्हती म्हणून?"

"तिनंच," गुंडूराव म्हणाले. "सकाळी भाजलेली भाकरी मला संध्याकाळी द्यायची."

"आरं लेकरा," ठकुबाई कट्ट्यावर टेकल्या. "सकाळी भाजायला तिच्या डब्यात पीठ कुठं हुतं? तू खाल्लीस ती शेटजीच्या चुलीवरची भाकरी. मी थापायची, ती भाजायची, आन् फडक्यात बांधून न्यायची."

मी फाटकाचा गज घट्ट धरला. गुंडूरावांचा चेहरा असा पांढरा पडला की मला वाटलं, मडकं आता हातातून सुटतंय. पद्मावतीनं धावत जाऊन खालून आपले हात लावले.

"म्हणजे आईनं चोरी..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

"जीभ झडंल तुझी!" ठकुबाईंनी काठी आपटली. "चोरी म्हंतोस तिला? पयल्या दिवशीच शेटाणीफुडं हुभं राहून इचारलं हुतं तिनं. 'माझं पोर हाय, एक भाकरी नेऊ का?' शेटाणी म्हणाली, दोन ने. ही एकच न्यायची. वरीसभर न्हाई, तू मोठा हुईस्तोवर."

"मग मला खरं का नाही सांगितलं?"

"तुला दुसऱ्याच्या परातीकडं बघायची सवय लागंल म्हणून. आन् तू एवढा सरळ निघालास, की आईलाच माघारी घिऊन आलास!" त्या रडत होत्या की हसत होत्या, मला कळेना. "तिनं इचारलं हुतं, गुंड्या. तू इचारलंस का तुझ्या सायबाला?"

"काय विचारायचं? टूरवर आईची हाडं नेऊ का, असं?"

"मंग? तोंड कशाला दिलंय देवानं? फकस्त न्हाई म्हणायला?"

ज्या भाकरीवर त्यांनी सगळा जन्म उभा केला होता ती भाकरीच एका घटकेत दुसऱ्या घरची झाली. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. पण ते उठले. आधी देवळामागे जाऊन आचार्यांच्या हातून बन्नीला मडकं बांधून घेतलं, तिथल्याच नळावर डोक्यावरून पाणी घेतलं, आणि ओल्या केसांनीच आमच्या ह्यांना घेऊन तळ्याकाठच्या साहेबांच्या बंगल्यावर गेले.

तिथे काय झालं ते ह्यांनी येऊन सांगितलं. साहेब मद्रासकडचे, बोलायला करडे. त्यांना आधी वाटलं, गुंडूराव माल नापास करून आले त्याची सबब सांगायला आलेत. मग गोष्ट कळली तसा त्यांनी चष्मा काढला.

"तुला तिकीट कशासाठी दिलं होतं?" त्यांनी विचारलं.

"माल तपासायला, सर."

"तपासलास?"

"हो सर. नापास केला."

"मग काम झालं. रविवारी कारखाना बंद होता. तो तुझा रविवार तू मला परत आणून देतोयस. मी तो कुठे साठवू? स्टोअरमध्ये?" मग ते आत गेले, आणि बऱ्याच वेळानं बाहेर आले. म्हणाले, "माल पुन्हा तपासायला पुढच्या आठवड्यात तुलाच जायचंय. आईला ने. सरी? ठीक आहे ना? आणि जमलं तर माझ्या आईसाठी एक गडू गंगा आण. हे विचारायला मला दहा वर्षं लाज वाटत होती."

हे ऐकून मला भरून आलं. पद्मावतीनं देवापुढे साखर ठेवली. पण गुंडूराव कसले! ते आपले भिंतीला टेकून बसलेले, कपाळाला आठी.

"साहेबांनी परवानगी दिली, ती सुट्टीच्या दिवसाची," ते म्हणाले. "नैनीपर्यंतचं तिकीट अजून सरकारचंच. आईनं भाकरी मागितली ती पोटासाठी. पुण्य कसं मागायचं?"

आता मात्र मला वाटलं, ह्या माणसाला उचलून तळ्यात टाकावं. देवा, क्षमा कर, पण वाटलं. इतक्यात पद्मावती स्वयंपाकघरातून पदर खोचून बाहेर आली.

"ऐका," ती म्हणाली. "तुम्ही सरकारच्या तिकिटावर बसा. माल तपासा, पास करा, नापास करा, काय ते करा. सासूबाई तुमच्या तिकिटावर येणारच नाहीत."

"मग?"

"माझ्या. माझ्या लोणच्याच्या पैशातून मी माझं तिकीट काढणार आणि त्यांना माझ्या मांडीवर घेऊन बसणार. लोणचं घातलं मी, विकलं मी. ह्यात सरकारचं मीठसुद्धा नाही. पूल आला की आम्ही दोघी पलीकडे जाऊ. तुम्ही अलीकडेच बसा हवं तर, खिडकीतून बघत."

ठकुबाईंनी "हां!" म्हणून काठी आपटली. आमच्या ह्यांनी गुंडूरावांच्या तोंडाकडे पाहिलं.

गुंडूरावांनी विचार केला. खरंच केला, त्यांच्या कपाळावरची आठी एकेक पदर उलगडावा तशी सैल होताना मी पाहिली.

"पुलापलीकडचा टांगा मी माझ्या खिशातून करीन," ते हळूच म्हणाले. "रविवारी. मंत्र मुलानंच म्हणायचे असतात."

पद्मावती मटकन खाली बसली आणि मग ती जी रडली, ती वर्षभराचं रडली. सकाळपासून उपाशी असलेल्या त्या माणसाला मी माझ्या घरातून भात-सार आणून वाढलं. घास घेण्याआधी त्यांनी मला विचारलं, "वैनी, हे तुमच्या चुलीवरचं ना?" मी म्हटलं, "हो, आणि मी आपणहून वाढलंय, मुकाट जेवा." तेव्हा जेवले.

घरी येऊन मी राहिलेला गडू घासला. चिंच सुकून गेली होती, नवी भिजवावी लागली. गडू लख्ख झाला तसा तो ह्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, "काशीला गेलात तेव्हा साहेबांना विचारलं होतंत?" ह्यांनी या वेळी थट्टा केली नाही. मी गडू देव्हाऱ्यात ठेवला, विठाबाईंचं नाव घेतलं, आणि निरांजन लावलं.

उद्या सकाळी कारखान्यात जाण्याआधी गुंडूराव सिटी स्टेशनवर जाणार आहेत, लोणच्याच्या पैशातून पद्मावतीचं नैनीचं तिकीट काढायला.